गोलनूशचा शिक्का

१

उत्तर इराणातल्या लाहिजानच्या रुग्णालयात एक बाळंतीण रक्त मिळायला उशीर झाला म्हणून गेली. रक्त नव्हतं असं नाही. फ्रीजमध्ये तिच्या गटाच्या पिशव्या होत्या. पण कुठली पिशवी तपासलेली आणि कुठली राहिलेली, हे ज्याच्या पोटात होतं तो रक्तपेढीचा सर्व्हर त्या दिवशी पहाटेच मुका झाला होता. लोकांनी हाताने शोधाशोध केली, फोन फिरवले, जिने चढले-उतरले. पिशवी वर पोहोचली तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. मूल तेवढं वाचलं.

तूबा लंगरूदी तेहरानहून रश्तला पोहोचली तोवर आठवडा उलटत आला होता आणि गुन्हेगार कोण हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. सरकारी वकिलाच्या कचेरीने तिला संगणकातली जाणकार म्हणून नेमलं होतं. तिथल्या कारकुनाने फोनवरच सुचवलं होतं, "खानुम, फार खोलात जाऊ नका. शिक्का कोणाचा ते कळलंय. शनिवारी अहवाल द्या, म्हणजे त्या पोरीला आत घालता येईल." असं कोणी सांगितलं की तूबाचं डोकं फिरायचं. पंचावन्नची बाई, नवरा गेलेला, गुडघे कुरकुरणारे. आयुष्यात हौस म्हणून एकच उरली होती, ती खोलात जायची.

सात रुग्णालयांचा कारभार सांभाळणारं संगणक केंद्र रश्तच्या एका ओलसर गल्लीत होतं. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता आणि त्याबद्दल कोणी बोलतही नव्हतं. केंद्राचा प्रमुख दादफर हा अत्तराचा वास मारणारा, गुळगुळीत दाढीचा माणूस. त्याने तिला तीनदा 'बसा' म्हटलं, दोनदा चहा पुढे केला आणि मगच मुद्द्यावर आला.

"आमचे सर्व्हर बाहेरून काही घेत नाहीत. निर्बंधांमुळे बाहेरची दारं आपल्याला उघडी असतात कुठे? म्हणून आमचं स्वतःचं कोठार आहे. अपडेट आधी तिथे आणायचं, तपासायचं, त्यावर शिक्का उठवायचा. रोज पहाटे सातही ठिकाणचे सर्व्हर तिथून आपापला माल उचलतात. शिक्का नसेल तर शिवतसुद्धा नाहीत."

"आणि हा शिक्का म्हणजे?"

"बोटाएवढी किल्ली. यंत्रात खुपसायची आणि नंबर टाकायचा. किल्ली गोलनूश रूदबारीच्या खणात, नंबर तिच्या डोक्यात. ज्या अपडेटने लाहिजानचा सर्व्हर मेला, त्यावर तिचाच शिक्का आहे. गेल्या बुधवारी दुपारी, याच इमारतीतून उठवलेला."

"तपासून उठवला असेल."

"तिथेच तर गोम आहे! कोठारात दोन फळ्या. नवा माल आधी कच्च्या फळीवर. तिथून तो फक्त चाचणीच्या यंत्रांवर जातो. आठवडाभर काही बिघडलं नाही तर पक्क्या फळीवर. हा माल थेट पक्क्या फळीवर ठेवलाय. तेही मी दोन महिने सगळी अपडेट थांबवलेली असताना."

"ती का थांबवलीत?"

दादफरने रुमालाने ओठ टिपले. "एका कंपनीकडून तयार यंत्रणा घेतोय. मग या घरगुती कोठाराची गरज उरणार नाही. जे जाणारच आहे त्यावर मेहनत कशाला?"

सर्व्हरच्या खोलीबाहेर बूट काढून आतल्या चपला घालायच्या होत्या. कप्प्यात चार जोड होते. बायकी हिरवा गोलनूशचा, होडीएवढा निळा दुसऱ्या इंजिनियरचा आणि चामड्याचा भारी जोड खुद्द दादफरचा. त्यावर धुळीचा थर होता, म्हणजे साहेब या खोलीत पाऊल टाकत नसावेत. चौथा जोड तपकिरी, टाचा झिजलेला, पण लख्ख पुसलेला.

"हा कोणाचा?"

"असेल कोणाचा तरी जुना," दादफर दुसरीकडेच बघत म्हणाला. मग दाराशी थबकला. "एक सांगायचं राहिलं, खानुम. त्या मुलीला मी सगळ्यांसमोर विचारलं. तिने स्वतःच्या बचावासाठी एक शब्द काढला नाही."

२

गोलनूश एकटीच राहत होती, दोन खोल्यांत. तिशी नुकतीच ओलांडलेली, डोळ्यांखाली काळं. तूबाच्या पुढ्यात चहा आणि खडीसाखर ठेवून ती हात मांडीवर घेऊन बसली. परीक्षेत नापास होणार हे ठाऊक असलेली मुलं बसतात तशी.

"शिक्का तुझाच?"

"माझाच."

"उठवलास तू?"

"नाही."

"मग कोणी?"

"माहीत नाही."

"बुधवारी दुपारी कुठे होतीस?"

"जरा बाहेर गेले होते. सहज."

"भर पावसात, सहज?"

"रश्तमध्ये पाऊस थांबायची वाट बघितली तर माणूस घरातच म्हातारं होईल, खानुम."

तूबाला हसू आलं, पण पोरीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "नंबर कोणाला सांगितला होतास?"

"कोणालाही नाही. आईशपथ नाही." हे तिने नजर वर करून सांगितलं.

"त्या दुपारी केंद्रात कोणी आलं होतं?"

"परकं कोणी नाही."

तूबाने उभी हयात लोकांना खोटं बोलताना ऐकण्यात घालवली होती. 'माहीत नाही' हे खोटं होतं. 'कोणालाही नाही' हे खरं होतं. नंबर कोणाला सांगितलेला नाही, तरी शिक्का दुसऱ्याने उठवला, आणि कोणी ते हिला माहीत आहे. तिन्ही गोष्टी एका वेळी कशा जमायच्या, हे तिला कळेना.

दुसरा इंजिनियर पेयमान तिला एका खानावळीत घेऊन गेला. धिप्पाड, बोलका गडी. मिर्झा कासेमीचं, म्हणजे लसूण घातलेल्या वांग्याच्या भरताचं, भांडं पुढ्यात येताच त्याने पावाचा तुकडा मोडला आणि लसणाच्या वासात सगळं सांगून टाकलं.

"विचारा, मोहन्देस." इकडे संगणकवाल्या प्रत्येकाला लोक मोहन्देस, म्हणजे इंजिनियरच, म्हणतात, तूबाही त्यातून सुटली नव्हती. "बुधवारी मी अंझलीच्या रुग्णालयात केबल बदलत होतो, पन्नास लोकांनी पाहिलंय. आणि नव्या कंपनीत माझा मेहुणा आहे. तुम्हाला कळणारच, म्हणून मीच सांगतो. कोठार बदनाम झालं तर त्याचं भलं. झालं समाधान?"

"दादफरचंही भलंच की."

"दादफर? त्या माणसाला किल्ली कुठल्या बाजूने खुपसायची ते सांगायला लागेल." पेयमान खदखदून हसला. "गेल्या आबान महिन्यात लाहिजानच्या रक्तपेढीसाठी नवं यंत्र घेतलं. मी माझ्या गाडीतून नेलं, पाठ मोडली माझी. गोलनूशने रात्रंदिवस खपून ते मांडलं. साहेबांनी बिलावर सही केली आणि फोटोत एकटेच उभे राहिले. त्याचंच जुळं भावंड आमच्या चाचणीच्या टेबलावर ठेवलंय, तेवढी अक्कल गोलनूशची."

"मग एवढ्या अक्कलवान मुलीने न तपासता माल पक्क्या फळीवर टाकला?"

पेयमानचा घास हातातच राहिला. आवाज खाली आला. "तेच मला पटत नाही. मी तिला म्हटलं, बाई, तोंड उघड, नाहीतर जेलमध्ये सडशील. काय म्हणाली माहितीये? 'जाऊ दे. मी निभावेन.'" त्याने तूबाकडे बघितलं. "ती निभावेल म्हणजे काय? दुसरं कोणाला निभणार नाही?"

३

सकाळी तूबा त्या अपडेटवरच तुटून पडली. विष असेल तर त्याचा कुठेतरी वास येणारच. कोणीतरी एखादी ओळ घुसवली असेल, काहीतरी बदललं असेल. पेयमानने तेहरानच्या मित्राकडून बनवणाऱ्यांची मूळ प्रत मागवली होती. दोघांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि ताडून पाहिल्या.

दुपार झाली. तूबाने चष्मा काढून डोळे चोळले.

"पेयमान, फरक सापडला तुला?"

"नाही."

"मलाही नाही. एका अक्षराचा फरक नाही." तिने खुर्ची मागे सारली. "हे काय आहे ते तरी वाच."

पेयमानने वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. ती एका भोकाची दुरुस्ती होती. त्याच भोकातून गेले काही आठवडे चोर लोकांच्या सर्व्हरमध्ये शिरत होते. सगळं कुलूपबंद करायचे आणि खंडणी मागायचे. यझ्दमधलं एक रुग्णालय तसंच बसलं होतं. दादफरने अपडेट थांबवल्यामुळे इथली सातही ठिकाणं त्या भोकासकट उघडी पडली होती.

"म्हणजे हे विष नव्हतं," तूबा म्हणाली. "औषध होतं."

आठवडाभर सगळे वैरी शोधत बसले होते. कोणाला सूड घ्यायचा होता, कोणाच्या मेहुण्याचं भलं होणार होतं, याचीच चर्चा. इथे तर वैरच नव्हतं. कोणीतरी सात रुग्णालयं वाचवायला निघालं होतं, आणि त्यापायी एक बाई मेली. तूबाला एकाएकी फार उदास वाटलं. दुष्ट माणूस सापडला की निदान त्याच्यावर चिडता येतं.

"मग लाहिजानच का मेलं? बाकी सहा ठिकाणी हेच औषध नीट लागू पडलं ना?"

"एकदम मस्त. दादफर सांगत नाही, पण ती सहा ठिकाणं आज सुरक्षित आहेत ती यामुळेच."

"टेबलावरच्या जुळ्या भावंडाला देऊन बघ."

पेयमानने दुरुस्ती चढवली आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि सगळं थिजलं. दुरुस्तीनंतर त्या नव्या जातीच्या यंत्राला स्वतःची डिस्कच ओळखू येत नव्हती. कच्च्या फळीवर एक दिवस जरी ठेवलं असतं, तरी हे इथे टेबलावर कळलं असतं आणि लाहिजानला काही झालं नसतं.

पेयमानने यंत्र बंद केलं. मग तूबाने विचारलं, "हे कोठार मुळात उभारलं कोणी? तू?"

"मी? मी तेव्हा शाळेत होतो. उस्ताद नुसरतनी उभारलं. बाहेरून सगळं बंद झालं होतं, लोक सीडीवर अपडेट आणायचे. त्यांनी सगळं आपल्या हातांनी जमवलं, सातही ठिकाणी स्वतः जाऊन तारा ओढल्या." पेयमान थांबला. "दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. केलं, म्हणा. दादफरने फुलं दिली आणि पास काढून घेतला. आता बागेत संत्री लावतात."

"मग या कोठाराबद्दल सगळ्यात जास्त तेच सांगू शकतील."

"ते तुम्हाला जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत," पेयमान म्हणाला, "एवढं ध्यानात ठेवून जा."

४

नुसरत सत्तरीचे, सडपातळ, लोकरी टोपीतले. पावसात दाराशी उभे राहून त्यांनी तूबाची छत्री स्वतः मिटली आणि पुढ्यात संत्र्यांचं घमेलं ठेवलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात चूल, रेडिओ आणि उघडी पडलेली दोन-तीन यंत्रं.

"हल्ल्याची चौकशी करताय ना? बरं झालं कोणीतरी आलं. लाहिजानला जे झालं ते ऐकून दोन दिवस अन्न गेलं नाही मला. त्या चोरांना नरकातही जागा नाही मिळायची."

"हल्लाच म्हणता तुम्ही?"

"दुसरं काय? दोन महिने दार सताड उघडं टाकून बसलाय तो दादफर. मी फोन केले, घरी गेलो. म्हणाला, उस्ताद, तुम्ही आता आराम करा." म्हाताऱ्याने कप ठाणकन बशीत ठेवला. "आराम! माझी सात लेकरं उघड्यावर, आणि मी आराम करू?"

मग ते त्या लेकरांबद्दल बोलत बसले. अंझलीच्या यंत्राला खाऱ्या हवेचा त्रास, म्हणून त्याच्या खोलीत कोळशाचं घमेलं ठेवायचं. फूमनचं हट्टी, एकदा बंद केलं की रुसून बसतं. तूबा संत्रं सोलत ऐकत होती. तिलाही बरं वाटत होतं, कितीतरी दिवसांनी कोणी आपल्या कामाबद्दल प्रेमाने बोलत होतं.

"आणि लाहिजानच्या रक्तपेढीतलं तर सगळ्यात म्हातारं," नुसरत म्हणाले. "पंखा खरखरतो, पण बंद पडायचं नाव नाही. माझ्याआधी ते मरणार नाही असं मी गोलनूशला म्हणायचो. त्यालाही त्यांनी पाडलं, म्हणजे हल्लेखोर पोचलेलेच असणार. बाकी सहा वाचली हे देवाचे उपकार."

तूबाच्या मनाला काहीतरी टोचलं. काय ते तेव्हा कळलं नाही.

"गोलनूश रजेवर आहे म्हणे," तिला निरोप देताना ते म्हणाले. "फोनवर फार बोलत नाही. भेटली तर म्हणावं, जेवत जा. पोर स्वतःकडे बघत नाही."

तिला निलंबित केलंय, शनिवारी तिच्यावर खटला उभा राहणार आहे, हे या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. तूबा तोंड उघडणार होती, पण चौकशीत आपण ऐकायचं, सांगायचं नाही, ही तीस वर्षांची सवय आड आली. गाडीत बसल्यावर मात्र तिला प्रश्न पडला. एवढ्या लेकीसारख्या मुलीने याच माणसापासून सगळं का लपवलं?

५

शुक्रवारी केंद्र बंद. तूबा बाजारात धुरी दिलेला मासा घ्यायला गेली. तेहरानला बहिणीसाठी न्यायचा होता. तोबा गर्दी होती. माशाच्या गाड्यावरच्या पोऱ्याने एका हाताने मासा गुंडाळला, दुसऱ्या हाताने तिचं बँकेचं कार्ड घेतलं आणि यंत्रात फिरवून ओरडला, "नंबर?"

तूबाने चार आकडे खणखणीत सांगितले. आयुष्यभर सांगत आली होती, पाववाल्याला, टॅक्सीवाल्याला, औषधवाल्याला. शेजारच्या बाईने सांगितला, पलीकडच्या मुल्लाने सांगितला. या देशात सगळेच असं करतात. दुकानदाराच्या हातात कार्ड द्यायचं आणि नंबर सांगायचा, त्याने हात पुसून यंत्र पुढे करायची वाट कोण बघतो?

पोऱ्याने पावती दिली तरी ती जागची हलली नाही. मागच्याने ढोसलं, "खानुम, मासा जिवंत होऊन पळायचा, उचला की!"

तीस वर्षं लोकांना पासवर्ड जपायला शिकवलं आणि स्वतः बाजाराच्या मधोमध नंबर ओरडत उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटली. गोलनूशने किल्लीचा नंबर कोणाला सांगितला नव्हता. तिने फक्त कार्डाचा सांगितला होता, दुकानादुकानांत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या देखत. आणि आकडे दोन्हीकडे एकच ठेवले असणार.

पण शेजारी कोण उभं होतं? तिने मासा गाडीत टाकला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून शांतपणे विचार केला.

ज्याने शिक्का उठवला त्याला हे कोठार तळहातासारखं माहीत होतं. त्याने कच्ची फळी टाळली, कारण त्याची खात्री होती. सातही यंत्रं ही दुरुस्ती पचवतील याची त्याला पक्की खात्री होती, आणि सहांच्या बाबतीत ती खरी ठरली. चुकला तो एकाच ठिकाणी, लाहिजानला, जिथे आबानमध्ये यंत्र बदललं होतं. गोलनूशने ते यंत्र मांडलं होतं. पेयमानने ते उचलून नेलं होतं. दादफरने त्याच्या बिलावर सही केली होती. तिघांपैकी कोणालाही ते विसरणं शक्य नव्हतं. म्हणजे शिक्का उठवणारा असा माणूस हवा, ज्याला बाकी सगळं माहीत होतं आणि नेमकं तेवढंच माहीत नव्हतं. ज्याच्या डोक्यात लाहिजानच्या रक्तपेढीत अजून खरखर करणारं म्हातारं यंत्रच चालू होतं.

आदल्या दिवशी सोललेल्या संत्र्याचा वास अजून तिच्या बोटांना होता.

ती केंद्रावर गेली. फाटकावरच्या माणसाला तिने पहिल्या दिवशी विचारलं होतं, बुधवारी परकं कोणी आलं होतं का. त्याने कानावर हात ठेवले होते. आज तिने प्रश्न फिरवला.

"त्या बुधवारी आपल्यातलं कोण आलं होतं?"

"उस्ताद आले होते की," तो सहज म्हणाला. "ते दर बुधवारी येतात चहाला. त्यांच्या चपला अजून आहेत आत, गोलनूश खानुम पुसून ठेवतात. त्यांना पाहुणा म्हणायचं का, मोहन्देस?"

६

गोलनूशने दार उघडलं आणि तूबाच्या चेहऱ्याकडे बघूनच समजून गेली.

"तू त्यांच्यासाठी बाहेर गेली होतीस," तूबा म्हणाली. "काय आणायला?"

"खुश्कार. त्यांना तो कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातलाच लागतो, गरम." ती भिंतीला टेकली. "परत आले तेव्हा खण अर्धवट उघडा होता. ते खिडकीशी उभे राहून गाणं गुणगुणत होते. मी विचारलंसुद्धा नाही काही."

"आणि दुकानात, औषधांच्या दुकानात, ते तुझ्या शेजारी उभे असायचे. तू कार्डाचा नंबर सांगायचीस. किल्लीचाही तोच ठेवलास."

गोलनूशने तोंडावर हात ठेवला. हे तिला आजपर्यंत सुचलं नव्हतं. उस्तादांना नंबर कसा कळला याचाच विचार करत तिने कितीतरी रात्री काढल्या होत्या.

"खानुम, पाया पडते. त्यांना वाटतंय चोरांनी ती बाई मारली. त्यांना वाटतंय आपण सहा ठिकाणं वाचवली. राहू द्या ना तसंच. मला किती वर्षं होतील, दोन, तीन? मी बाहेर येईन. ते हे ऐकून जगतील का?"

"आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलं तर? तू त्यांच्यापायी आत गेलीस, हेही सोबत कळेल. ते ऐकून जगतील?"

तूबा फक्त एवढंच जाणत होती की उद्या शनिवार आहे, आणि खोटा अहवाल लिहायचा हात तिच्याकडे नाही. कधी कधी तिला वाटायचं, असता तर बरं झालं असतं.

नुसरत शेगडीशी बसले होते. दोघींना बघून खूश झाले, उठायला लागले. तूबाने त्यांना बसवलं आणि सांगितलं. आडवळण घेतलं नाही. अशा वेळी आडवळण म्हणजे छळ, हे ती नवऱ्याच्या आजारात शिकली होती.

म्हाताऱ्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर मास्तरासारखं विचारलं, "यंत्र कधी बदललं?"

"आबानमध्ये."

"जुनं काढलं?"

"पंखा जळला होता, उस्ताद," गोलनूश रडत म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही मी."

"टेबलावर त्याचं जुळं होतं?"

"होतं."

"म्हणजे एक दिवस कच्च्या फळीवर ठेवलं असतं तर..." ते थांबले. "तो नियम मीच घातला होता. कितीही घाई असो, कोणीही सांगो. पोरांना मी त्यावरून ओरडायचो. त्या दिवशी म्हटलं, मला काय तपासायचंय, माझीच लेकरं आहेत." मग गोलनूशकडे वळून म्हणाले, "तुझ्या खणात हात घातला, पोरी. बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती, म्हणून गप्प बसलो. तुला रजेवर समजत होतो."

तूबाने खिडकीबाहेर बघितलं. हे काम तिने आयुष्यभर केलं होतं, पण जिंकल्यासारखं कधीच वाटलं नव्हतं, आज तर नाहीच.

"त्या बाईचं नाव काय?" नुसरतनी विचारलं.

तूबाने कागद कितीदा वाचले होते. शिक्का, किल्ली, फळी, यंत्र, सगळं तिला पाठ होतं. नाव आठवेना.

"महलका," गोलनूश म्हणाली. "मी गेले होते दुःखाला. बायकांत मागे बसले. नवरा शाळेत शिकवतो."

नुसरत उठले, कोट चढवला. "उद्या तुमच्या वकिलाकडे येतो, काय लिहायचं ते लिहून देतो. आज मला लाहिजानला न्या."

आरोपीने फिर्यादीच्या घरी जायचं नसतं. तूबाला नियम तोंडपाठ होता. तरी तिने गाडी काढली. वाटभर वायपर चालू होते.

घर चहाच्या मळ्याच्या कडेला होतं. दार उघडलं एका दाढी वाढलेल्या तरुण माणसाने. खांद्यावर बाळ झोपलं होतं, हातात दुधाची बाटली. अंगणात एक भिजलेला म्हातारा आणि मागे दोन बायका बघून तो गडबडला. त्याने कोण, कुठले काही विचारलं नाही. आपल्याकडे जे करतात तेच त्याने केलं. दारातून बाजूला सरला, बाटलीचा हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, "या, या काका, आत या. भिजलात. चहा ठेवतो."

नुसरतनी टोपी काढली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"आधी माझं ऐकून घे, बाळा," ते म्हणाले, "आणि मग आत ये म्हण."